कोपरा फाटलेलं जपानी कार्ड

माझी मुलगी जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, आणि तिचा स्वतःचा म्हातारा इथे तापीकाठच्या प्रकाशा गावात एकटा राहतो. हे मी कुणालाही हसत हसत सांगतो. ऐकणाराही हसतो, मग जरा ओशाळतो आणि आपली पिशवी उचलून चालू लागतो. मला त्यात टोमणा मारायचा नसतो. जे आहे ते आहे. तिने नर्सिंग केलं, वर्षभर पुण्याला राहून जपानी भाषा शिकली, आणि तिची आई गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात विमानात बसली. तीन वर्षांचा करार होता. जा, असं मीच म्हणालो होतो. तिला गाडीत बसवून घरी आलो तेव्हा ओट्यावर तिची चप्पल राहिलेली दिसली. ती अजून तिथेच आहे. झाडताना मी ती उचलतो आणि परत ठेवतो.

तीन वर्षं संपत आली तेव्हा मी एक गोष्ट ठरवून टाकली होती. परत ये, असं आपण तोंडाने म्हणायचं नाही. तिला वाटलं तर ती येईल. बापाच्या एकटेपणापायी पोरीने हातचं काम सोडावं आणि पुढे जन्मभर ते मनात ठेवावं, हे मला नको होतं. ठरवणं सोपं होतं. पण सकाळी चुलीवर एकट्यापुरता चहा ठेवताना रोज तोच प्रश्न यायचा, ती येणार की राहणार. ती बोलत नव्हती, मी विचारत नव्हतो. आठवड्यातून तीनदा फोन व्हायचा आणि त्यात आम्ही कापूस, पाऊस, माझे गुडघे आणि तिच्याकडचा बर्फ असं सगळं बोलायचो. त्या एका गोष्टीला मात्र दोघंही हात लावायचो नाही.

मी आयुष्यभर टपाल वाटलं. प्रकाशा आणि भोवतालची खेडी, आधी पायी, मग सायकलवर. आता ते काम एक बाई करते, स्कूटीवर. चांगली आहे, फक्त हाका फार मोठ्याने मारते. "बाबा, तुमनं जपान उनं!" असं ती गल्लीच्या तोंडापासून ओरडत येते आणि सगळी गल्ली दारात येते. दोन-तीन महिन्यांनी जपान यायचं. तपकिरी खोकं, त्याला चारही बाजूंनी इतक्या नेटकेपणाने चिकटपट्टी लावलेली, की ती फाडताना मला अपराध्यासारखं वाटे. आत अर्धं खोकं खाऊ आणि अर्धं खोकं जुनी पोस्टकार्डं.

खाऊ असा की आपल्याकडे कुणी त्याला खाऊ म्हणणार नाही. पहिल्या खोक्यात एक लांबट, काळसर लाल वडी आली होती, चकचकीत कागदात. सोबत चिठ्ठी नसती तर मी ती न्हाणीत ठेवून दिली असती, इतकी ती साबणासारखी दिसत होती. चिठ्ठीत लिहिलं होतं की ही लाल घेवड्याच्या दाण्यांची आहे, साखर घालून घोटायची आणि समुद्रातल्या शेवाळाने थिजवायची. मी सुरीने पातळ काप काढला. जिभेवर ठेवला आणि ओळख पटली. पुरणच होतं ते, जरा थंड स्वभावाचं. शेजारच्या वहिनींना एक काप दिला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, चाखला आणि विचारलं, "हाई तं पुरण शे. मंग पोयी कोठे गयी?"

एकदा रंगीत बारीक काटेरी गोळ्या आल्या. तो तर आपल्या संक्रांतीचा हलवा. तो तिकडे कसा पोचला की तिकडून इकडे आला, कोण जाणे. माझी बायको शेगडीवर परात ठेवून हलवा करायची, बोटांच्या टोकांनी पाक फिरवत, आणि काटा आला नाही की माझ्यावर चिडायची, जणू मीच काटा अडवून धरला होता. त्या गोळ्या मी खाल्ल्या नाहीत. बरणीत घालून फळीवर ठेवल्या. कधी तांदळाच्या पिठाच्या पातळ, कुरकुरीत वाट्या यायच्या आणि आतलं सारण वेगळ्या पुडीत, आपण बसून भरायचं आणि वाट्या एकमेकींवर झाकायच्या. एकट्या माणसाला दुपार घालवायला ते बरं काम होतं. कधी भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात लोळवलेल्या मऊ वड्या. आमच्याकडे शेताशेतात सोयाबीन आहे, पण ते थेट तेलाच्या कारखान्यात जातं. ते मिठाईवर भुरभुरवतात म्हटल्यावर वहिनींच्या घरचे दोन दिवस त्यावरच बोलत होते.

सगळ्यात विचित्र होती ती काचेसारखी पारदर्शक वडी, आत खरंखुरं गुलाबी फूल. फूल मिठात मुरवलेलं. आधी गोड लागतं आणि मग एकाएकी खारट. रडून झाल्यावर कुणी तोंडात साखर घालावी तशी चव. मी तिला फोनवर सांगितलं, भारी होती. ती म्हणाली, "खरं सांगा आबा." मी म्हटलं, खरंच भारी होती. दुसरी मात्र मी खाऊ शकलो नाही.

पण मी वाट पाहायचो ती कार्डांची. तिच्या तिकडच्या गावात एका देवळाच्या अंगणात महिन्यातून एकदा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे म्हणे जुनी पोस्टकार्डं डब्यांत उभी करून ठेवलेली असतात. तिला वाटलं, आपल्या बापाचा जन्म कार्डांत गेला, त्याला याहून काय आवडणार. खरंच होतं ते. पिवळी पडलेली, कडा मऊ झालेली कार्डं. एका बाजूला हाताने रंगवल्यासारखी चित्रं: लाकडी पूल, टोकाला बर्फ असलेला डोंगर, छत्री घेऊन बर्फात उभी बाई, बंदरातल्या बोटी. दुसऱ्या बाजूला उभं लिहिलेलं, वरून खाली, पागोळ्या गळाव्यात तसं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तरी मी चष्मा लावून तास तास बसायचो. आधी शिक्का पाहायचो. किती तरी वर्षांपूर्वी कुणा टपालवाल्याने तो मारला होता, सरळ, शाई न फासता, तिकिटाच्या बरोबर कोपऱ्यावर. माणूस नेकीचा होता. आमच्याकडे असे शिक्के मारणारे मी दोनच पाहिले, आणि त्या दोघांत मी नव्हतो.

तिच्या वृद्धाश्रमात एक फार म्हातारी बाई होती, तिला ती जुनी अक्षरं वाचता यायची. मुलगी कामातून सवड काढून तिच्याजवळ बसायची, बाई वाचायची, मग फोनवर मला कळायचं. पाठवलेले मुळे मिळाले. धाकट्याचा खोकला थांबला. तुमच्याकडे बर्फ पडला का. माझी छत्री तिथेच राहिली, जपून ठेवा. एवढंच असायचं. मी दारोदार वाचून दाखवायचो त्या पत्रांतही दुसरं काय असायचं! मला त्या म्हातारीचा हेवा वाटायचा. त्या अनोळखी बाईच्या खुर्चीपाशी माझी पोर बसली होती आणि दोघी मिळून कार्ड वाचत होत्या. इथे खुर्ची होती, कार्डंही होती.

त्या ढिगात एकच कार्ड कोरं होतं. लाकडी पुलाचं चित्र आणि मागची बाजू साफ. ते मी देवघराच्या कोनाड्यात ठेवलं होतं.

आता फाटक्या कोपऱ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे कुणी गेलं की त्या बातमीच्या कार्डाचा एक कोपरा फाडून ते टपालात टाकत. असं कार्ड दिसलं की घेणाऱ्याला वाचायच्या आधीच कळायचं. ते घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं, लगेच फाडून टाकायचं, वर अंगावर पाणी घ्यायचं. आता मोबाईलवर सगळं कळतं, कार्डंही राहिली नाहीत आणि कोपरेही. पण माझ्या पिशवीत अशी कार्डं किती आली ते मला माहीत आहे. पिशवीत हात घातला आणि बोटाला तो तिरका फाटका कोपरा लागला की मला पुढे जाववत नसे.

मी नवा होतो तेव्हा एका दुपारी असंच एक कार्ड घेऊन एका घरी गेलो. बाई खळ्यात होती. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. तिला वाचता येत नव्हतं. वाच म्हणाली. मी वाचलं. तिने माझी कॉलर धरली आणि म्हणाली, "खोटं वाची ऱ्हायना तू." परत वाच म्हणाली. मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लावलं तेव्हा मी सायकल तिथेच टाकून पळालो. संध्याकाळी कुणीतरी सायकल आणून दिली. त्यानंतर कोपरा फाटलेलं कार्ड मी कधीही वाचलं नाही, कुणाचंही, कुणासाठीही. शाळेतल्या गुरुजींकडे द्यायचो आणि निघायचो. टपालवाल्याचं काम पोचवायचं, वाचायचं नाही, असा नियम मी स्वतःपुरता करून घेतला. बारशाची, लग्नाची पत्रं मात्र मी खुशाल चहा पीत वाचून दाखवायचो. तेव्हा हा नियम कुठे जायचा, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

यंदा अखाजीच्या तोंडावर खोकं आलं. आमच्या खानदेशात अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळीला एकवेळ नाही आली तरी चालेल, पण अखाजीला लेक माहेरी यायचीच. त्या दिवशी गल्लीत निंबाच्या फांदीफांदीला झोका होता आणि झोक्याझोक्यावर कुणाची तरी लेक. माझा ओटा तेवढा रिकामा. त्याच दिवशी गेलेल्यांची घागर भरायची असते. मी लाल घागर आणली, धुतली, भरली, तिच्यावर छोटं मडकं ठेवलं, आंबा ठेवला, डांगर म्हणजे खरबूज ठेवलं. खापरावरची पुरणपोळी वहिनींनी दिली होती. घागरीतून माझी बायको पाणी प्यायला येते यावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण घागर भरताना पाणी सांडलं तर मी अजून तिची माफी मागतो.

खोकं आदल्या दिवशी आलं होतं. फोनवर मुलगी म्हणाली होती, "आबा, अखाजीलेच उघाडा. मायकरता शे." म्हणून मी थांबलो होतो. सकाळी चष्मा घागरीपाशी काढून ठेवला आणि खोकं घेऊन ओट्यावर बसलो. वर एक पांढरी डबी होती. तिच्यात साखर आणि तांदळाचं पीठ साच्यात दाबून केलेली कमळं, गुलाबी आणि पिवळी, पाकळीपाकळी मोजता येईल अशी. चिठ्ठी मोठ्या अक्षरांत होती, ती मला चष्म्याशिवाय वाचता आली. इथे गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे ही ठेवतात, असं तिने लिहिलं होतं. माझे डोळे भरून आले. इतक्या दूर राहून पोरीने आईची घागर लक्षात ठेवली होती. शिवाय तिथलेही लोक आपल्यासारखेच मेलेल्यांना गोड भरवत बसतात, हे कळून उगाच बरं वाटलं.

कमळांच्या डबीखाली पातळ कागदात कार्डं गुंडाळलेली होती. कागद उलगडला. सगळ्यात वरच्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता.

कार्ड जुनं आहे, बाजारातून घेतलेलं आहे, लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, दोघंही केव्हाच गेले असतील, हे सगळं माझ्या डोक्याला कळत होतं. बोटांना कळत नव्हतं. त्यांना फक्त तो तिरका कोपरा लागला होता. अखाजीच्या सकाळी, घागर भरल्यावर, माझ्या लेकीच्या हाताने माझ्या दारात कोपरा फाटलेलं कार्ड आलं होतं. मी ते नीट पाहिलंसुद्धा नाही. धूसर दिसत होतं, त्यावर बारीक निळं-काळं काहीतरी लिहिलेलं होतं, एवढंच. चष्मा आत होता आणि ते हातात घेऊन आत जायचं नव्हतं. ते ओट्यावरच ठेवून आत जावं आणि चष्मा आणावा, हे सुचलं नाही असं मी म्हणेन तर खोटं होईल. सुचलं होतं. मला ते वाचायचंच नव्हतं.

ओट्यावरून तसाच उठलो आणि घाटावर गेलो. पायऱ्यांवर कुणाची तरी क्रियाकर्मं चालू होती, आमच्या घाटाला त्याची सवय आहे. मी बाजूला जाऊन कार्डाचे बारीक तुकडे केले आणि तापीत सोडले. बॅरेजच्या बांधामुळे पाणी तुंबलेलं असतं, हलत नाही. तुकडे वाहून गेले नाहीत, पायरीजवळच तरंगत राहिले. मी हाताने पाणी ढकललं तेव्हा जरा लांब गेले. मग डोक्यावर पाणी घेतलं आणि त्या कुणा जपानी माणसासाठी ओंजळभर पाणी सोडलं. कुणीही असो, कुणाचं तरी माणूस होतं. मला वाटलं, आपण रीतसर वागलो.

घरी येऊन पहिलं काम केलं ते तिला फोन लावायचं. तिने उचलला नाही. परत लावला. परत लावला. वहिनी पितरांसाठी निखाऱ्यांवर आगारीचा घास टाकायला बोलावत होत्या, निखारे विझत होते, आणि मी फोन कानाला लावून उभा होतो. ती कामावर असली की फोन कपाटात असतो, हे मला पाठ होतं. त्या दिवशी ते पाठांतर कामाला आलं नाही. शेवटी निखाऱ्यांवर घास टाकले, पोळीचा, रसाचा, आणि एक गुलाबी कमळ. कमळ आधी तसंच राहिलं, मग एकदम काळं होऊन वितळलं आणि घरभर जळक्या साखरेचा वास पसरला. मी जेवलो नाही.

तीन वाजता तिचा फोन आला. मिस्ड कॉल पाहून ती घाबरली होती. तिचा आवाज ऐकला आणि मी भिंतीला पाठ टेकून खाली बसलो. मी म्हटलं, काही नाही, घागर भरली ते सांगायचं होतं.

"कमळं ठेवात का मायपुढे?"

"ठेवात."

"आनि कार्डं? कार्डं पाह्यात का आबा?"

अखाजीच्या दिवशी पोरीला काय सांगणार की तू पाठवलेलं कार्ड मी नदीत टाकून आलो! तिला वाईट वाटलं असतं, हसू आलं असतं किंवा भीती बसली असती. सगळी पाहिली म्हणून ठोकून दिलं, "पाह्यात ना. बठी पाह्यात."

ती थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज. मला वाटलं, सणाच्या दिवशी आईची आठवण आली असेल. ती शांतता भरून काढायची म्हणून मी आंब्याचं सुरू केलं. यंदा आंबा कसा महाग आहे, वहिनींनी रसात कशी वेलची जास्त घातली. ती हं हं करत राहिली. मग म्हणाली, "बरं आबा, ठेवस," आणि फोन ठेवला. माझ्या बोलण्याने तिला बरं वाटलं असेल, असं मी समजलो.

महिन्याभराने तिने सांगितलं, नव्या करारावर सही केली. पाच वर्षं. मी म्हटलं, फार छान झालं. आवाज कापू नये म्हणून मी ते जरा ओरडूनच म्हटलं. त्या रात्रीच्या भाकरी मी कुत्र्याला घातल्या. आपण तिला अडवलं नाही, मनात काही दाखवलं नाही, याचा मला अभिमानसुद्धा वाटला होता. पुढे सगळा पावसाळा मी त्या अभिमानावर काढला.

पोळा झाल्यावर पुढचं खोकं आलं. यावेळी मिठाई थोडी होती, घेवड्याची ती साबणासारखी वडी आणि एक पुडी. कार्ड एकच होतं, छत्री घेतलेल्या बाईचं. मागे उभ्या काळ्या अक्षरांशेजारी रिकाम्या जागेत निळ्या पेनाने आडवं मराठी लिहिलं होतं. यावेळी चष्मा डोळ्यांवर होता.

"आबा, अखाजीच्या कार्डावर मी विचारलं होतं, परत येऊ का. तुम्ही नुसतं ये म्हणाला असता तरी मी सही केली नसती. तुम्ही आंब्याचं बोलत राहिलात. मला आधी राग आला होता, आता नाही. तुम्ही माझ्याच भल्याचा विचार केला असणार. फोनवर मला हे बोलता येत नाही. जे बोलता येत नाही ते कार्डावर लिहावं, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं."

मी ते तीनदा वाचलं. खळ्यातल्या त्या बाईने मला तीनदा वाचायला लावलं होतं. मग घाटावर गेलो. मधे चार महिने गेले होते, नदीला पूर येऊन ओसरला होता. तिथे काय सापडणार होतं? तरी मी प्रत्येक पायरी वाकून पाहिली. तिथल्या एकाने विचारलं, बाबा काही पडलं का. मी म्हटलं, हो.

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून एकही टपाल गहाळ झालं नाही. हे मी निरोपाच्या दिवशी चारचौघांत छाती काढून सांगितलं होतं. आणि माझ्या एकुलत्या एका पोरीने मला आयुष्यात मनातलं जे पहिलं पत्र लिहिलं, ते मी न वाचता फाडून नदीत टाकलं. वर तिला सांगितलं, पाहिलं म्हणून. कार्डाच्या कोपऱ्याला मी दोष देत नाही. मी घाबरट आहे, तेव्हाही होतो. दुसऱ्याचं दुःख वाचायचं टाळत टाळत माझ्यावर स्वतःचं वाचायची वेळ आली तेव्हाही मी सायकल टाकून पळालो.

चार दिवस मी विचार केला की सांगू नये. सही झालेली आहे, आता सांगून तिचा जीव कशाला टांगणीला लावायचा. पाचव्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सांगून टाकलं.

"बेटा, अखाजीनं कार्ड मी वाचंच नही. त्याना कोपरा फाटेल व्हता. मी ते फाडीसन तापीमा टाकी दिन्हं."

तिला काही कळेना. कोपरा फाटलेला असला तर काय झालं? तो कुणीतरी जुनं तिकीट काढून घ्यायला कातरला होता, आणि तिने तेच कार्ड निवडलं होतं, कारण त्याच्यावर लिहायला जागा सगळ्यात जास्त होती. मी तिला ती रीत सांगितली. ती मोबाईलच्या काळातली, तिने असं कार्ड कधी पाहिलं नव्हतं. मीच कधी घरात बोललो नव्हतो. ती बाहेरची बाहेर ठेवायची गोष्ट होती ना.

ती रडत होती की हसत होती ते मला नीट कळलं नाही. मग तिने विचारलं, "वाचं ऱ्हातं तं काय जवाब देतात तुम्ही?"

इथे मला माझं ठरवलेलं आठवलं. तोंडाने म्हणायचं नाही. तिने राहावं, तिचं भलं व्हावं, वगैरे. ते सगळं माझ्याजवळ तयार होतं. पण ओट्यावरची ती चप्पल समोर दिसत होती, आणि मला पुन्हा आंब्याचं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "ये."

यावेळी मी मधे काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "करार तं व्हयी गया आते." मी म्हटलं, ठाऊक आहे. ती म्हणाली, "तरी हाई मले लिखीसन धाडा, आबा."

कोनाड्यातलं कोरं कार्ड काढलं. लाकडी पुलाचं. चष्मा पुसला. पत्ता खोक्यावरून इंग्रजीत जसाच्या तसा उतरवला, एकेक अक्षर दोनदा ताडून. मग डाव्या बाजूला लिहिलं, "ये." खाली खुशाली लिहावी, घेवड्याची वडी संपत आली ते लिहावं, असं वाटलं. नाही लिहिलं. पाच वर्षांनी मी केवढा असेन ते मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं.

तिकीट लावलं, पण पेटीत टाकून यायला मन होईना. पोस्टाच्या पायरीवर बसून राहिलो. स्कूटीवाली बाई पेटी उघडायला आली तेव्हा कार्ड तिच्या हातातच दिलं. तिने ते उलटंपालटं केलं.

"बाबा, इतला मोठा कार्डवर इतलंच लिखं?"

मी म्हटलं, इतकंच आहे. फक्त कोपरे पाहून घे. तिला वाटलं मी चेष्टा करतो आहे, पण तिने बोट फिरवून पाहिले. चारही शाबूत होते.